एडिंबरा : आठवण राखणारे नगर



इंदुरातल्या एका मराठी शाळेच्या स्मृतिव्याख्यानात स्कॉटलंडच्या राजधानीचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझ्यापाशी त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, स्मृतिव्याख्यान हा आठवण राखण्याचा एक प्रकार आहे, आणि आठवण राखण्याची विद्या ज्या नगराने डोळसपणे जोपासली अशा नगरांत एडिंबराची गणना करावी लागेल. दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. या नगराच्या एका जुन्या बोळात राहिलेल्या माणसाने १९१८ साली आपल्या इंदूरविषयी दोन भागांचा अहवाल लिहून होळकर दरबारला सादर केला. तो माणूस समजून घ्यायचा, तर आधी त्याचे गाव पाहिले पाहिजे.

माझे सारे आयुष्य मराठी शिकवण्यात गेले आणि संशोधन बखरवाङ्मयात. त्यामुळे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉन माल्कम आणि ग्रँट डफ ही नावे माझ्या टेबलावर नित्य असत. हे तिघेही स्कॉटलंडचे. निवृत्तीनंतर एडिंबरात पंधरवडाभर राहण्याचा योग आला, तेव्हा हे नगर पाहण्याची उत्सुकता साध्या प्रवाशाहून थोडी निराळी होती. प्रवासी कंपन्या हे शहर दोन दिवसांत दाखवून मोकळ्या होतात. मी मात्र प्रत्येक स्थळापाशी तीन प्रश्न विचारायचे ठरवले : हे उभारले कोणी, राखले कोणी, आणि याखाली झाकले काय गेले?

खडक आणि किल्ला

शहराच्या मधोमध एक काळा खडक उभा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेल्या ज्वालामुखीचा हा गाभा. हिमयुगात पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या हिमनदीला हा खडक फोडता आला नाही, आणि त्याच्या आडोशाला पूर्वेच्या बाजूस दगडमातीची एक उतरती सोंड शिल्लक राहिली. खडकावर किल्ला आणि सोंडेवर गाव, अशी जुन्या एडिंबराची रचना निसर्गानेच ठरवून टाकली.

किल्ल्यातील सर्वांत जुनी वास्तू म्हणजे सेंट मार्गारेटचे छोटेसे प्रार्थनामंदिर. बाराव्या शतकात राजा पहिला डेव्हिड याने ते आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधले. पुढे त्याचा विसर पडला आणि तेथे बंदुकीची दारू साठवू लागले. १८४५ साली डॅनियल विल्सन या पुराणवस्तूंच्या अभ्यासकाने या कोठाराच्या भिंती न्याहाळल्या आणि हे कोठार नव्हे, देवघर आहे, हे ओळखले. शहरातील सर्वांत जुनी इमारत शहरातल्या लोकांच्या डोळ्यांसमोरच होती. तिच्याकडे पाहणारा माणूस तेवढा हवा होता.

त्याच किल्ल्यात स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार ठेवलेली आहे. १७०७ साली स्कॉटलंडची संसद विसर्जित होऊन इंग्लंडशी राज्यैक्य झाले. त्यानंतर ही राजचिन्हे एका पेटीत घालून खोलीचे दार चिणून टाकले. शंभराहून अधिक वर्षे गेली. ती लंडनला नेली असावीत, असेही लोक बोलू लागले. अखेर कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याने परवानगी मिळवली आणि ४ फेब्रुवारी १८१८ रोजी पेटी उघडली. राजचिन्हे जशीच्या तशी होती.

विद्यार्थिमित्रांनो, ही तारीख आपल्या इतिहासाच्या वहीत लिहून पाहा. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. त्या लढाईत हल्ल्याची आघाडी जॉन माल्कमने सांभाळली होती. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि होळकरशाहीचे स्वातंत्र्य संपले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच स्कॉटलंडमध्ये आपल्या हरवलेल्या मुकुटाच्या दर्शनाने माणसे गहिवरत होती. खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्यास रेसिडेंट असलेला एल्फिन्स्टन तर लहानपणी याच किल्ल्यात वावरलेला. त्याचे वडील किल्ल्याचे अधिपती होते आणि तो येथल्याच हायस्कुलात शिकला. स्कॉटही त्याच शाळेचा माजी विद्यार्थी. स्वतःच्या राज्याची आठवण चिणलेल्या भिंतीतून बाहेर काढणारा समाज आणि दुसऱ्यांची राज्ये बुडवणारे अधिकारी हे एकाच मातीचे होते. एवढ्यावर थांबणेही न्यायाचे नाही. त्याच माल्कमने माळव्यात राहून लोकांकडून अहिल्याबाईंच्या कारभाराची माहिती गोळा केली आणि १८२३ च्या आपल्या ग्रंथात त्यांचा गौरव केला. इतिहासात अशा परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि त्या दोन्ही लक्षात ठेवाव्या लागतात.

या किल्ल्यात पूर्वी दाखवला जाणारा राज्याभिषेकाचा दगड मात्र आता तेथे शोधू नये. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तो १२९६ साली नेला, सातशे वर्षांनी १९९६ मध्ये तो परत आला, आणि २०२४ पासून तो पर्थच्या संग्रहालयात आहे.

बोळांचे गाव

किल्ल्याच्या पटांगणातून बाहेर पडताना भिंतीत बसवलेला एक लहानसा झरा दिसतो. बहुतेक प्रवासी त्याच्याकडे न पाहताच पुढे जातात. चेटकिणी ठरवून या टेकडीवर जाळल्या गेलेल्या शेकडो स्त्रियांची ही आठवण, १८९४ साली केलेली. विजयाची स्मारके सगळेच बांधतात. आपल्या हातून घडलेल्या अन्यायाचे स्मारक किल्ल्याच्या दारातच असावे, हे ज्याच्या मनात आले त्याचे नाव पॅट्रिक गेडिस. त्याच्याकडे आपण लवकरच येऊ.

किल्ल्यापासून हॉलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रस्ता म्हणजे रॉयल माइल. त्याच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यांसारखे अरुंद बोळ फुटलेले आहेत. तेथे त्यांना क्लोज म्हणतात. तटबंदीच्या आत जागा थोडी आणि वस्ती दाट, म्हणून घरे वर चढत गेली. दहा-दहा मजल्यांच्या दगडी चाळी सतराव्या शतकातच उभ्या होत्या. एकाच जिन्यावर सरदार, वकील, शिंपी आणि मोलकरीण अशा सर्वांची ये-जा असे.

यातले काही बोळ अक्षरशः जमिनीखाली गेले. १७५३ साली व्यापाऱ्यांसाठी रॉयल एक्स्चेंजची भव्य इमारत बांधायला घेतली, तेव्हा मेरी किंग्ज क्लोजमधील घरांचे वरचे मजले उतरवले आणि खालचे तसेच ठेवून त्यांच्यावर नवी इमारत चढवली. पुढे तीच इमारत नगरपालिकेची झाली. २००३ पासून हा गाडलेला बोळ प्रवाशांना पाहता येतो. कंदिलाच्या उजेडातल्या भुताखेतांच्या गोष्टी तेथे रंगवून सांगतात, पण मला तेथे भुतांपेक्षा साध्या माणसांची जाणीव अधिक झाली. एका नगरपालिकेच्या पायाखाली घरे आहेत, चुली आहेत, जिने आहेत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीमंतांनी हे गाव सोडले. दलदलीचा जुना तलाव उपसून त्याच्या पलीकडे जेम्स क्रेगच्या १७६७ च्या आराखड्यानुसार नवे नगर वसले. सरळ रस्ते, प्रशस्त चौक, सारख्या उंचीची घरे. मागे राहिले ते गरीब. एकेका खोलीत एकेक कुटुंब, पाणी नाही, मोरी नाही. १८६१ च्या नोव्हेंबरात हाय स्ट्रीटवरील एक जुनी इमारत मध्यरात्री कोसळली आणि पस्तीस माणसे दगावली. ढिगारा उपसणाऱ्यांना आतून एका मुलाचा आवाज आला. उपसत राहा, मी अजून जिवंत आहे, अशा अर्थाचे त्याचे शब्द होते. तो वाचला. आज त्या बोळाच्या कमानीवर त्या मुलाचा चेहरा आणि ते शब्द कोरलेले आहेत.

या अपघातानंतर शहराला जाग आली. १८६२ मध्ये हेन्री लिटलजॉन हे पहिले आरोग्याधिकारी नेमले गेले, १८६५ मध्ये त्यांनी वस्तीवस्तीचा मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध केला, आणि १८६७ च्या कायद्याने जुने बोळ पाडून रुंद रस्ते काढण्यास आरंभ झाला. हेतू चांगला होता. परंतु ज्यांची घरे पडली त्यांनी कोठे जावे, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. ते लोक शेजारच्या बोळांत गेले आणि तेथली दाटी वाढली.

मनोऱ्यातला प्राध्यापक

अशा वेळी १८८६ च्या सुमारास तिशी ओलांडलेले पॅट्रिक गेडिस आपली नवविवाहित पत्नी अ‍ॅना हिच्यासह जेम्स कोर्ट या मोडकळीस आलेल्या चौकात राहायला आले. शतकापूर्वी याच चौकात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम राहत असे. आता तेथे बकालपणा होता. गेडिस वनस्पतिशास्त्रज्ञ. रोपटे सुकले तर माळी ते उपटून फेकत नाही. माती, पाणी, ऊन पाहतो आणि सडलेली फांदी तेवढी छाटतो. त्यांनी बोळांना हाच न्याय लावला. पतिपत्नींनी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली, कोसळण्याच्या बेतातले एखादे घर काढून तेथे उजेड आणि हवा येऊ दिली, मोकळ्या तुकड्यांवर बागा केल्या. विद्यार्थ्यांसाठी त्याच वस्तीत वसतिगृह काढले. किल्ल्याच्या पायथ्याशी दिसणारी रॅमसे गार्डन ही लाल छपरांची देखणी घरे त्यांच्याच खटपटीने उभी राहिली. रोगट भाग काढायचा आणि निरोगी देहाला हात लावायचा नाही, ही त्यांची शस्त्रक्रिया. आज प्रवासी ज्या जुन्या नगराची छायाचित्रे घेतात आणि १९९५ मध्ये ज्याला नव्या नगरासह जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याचा पुष्कळसा भाग पहारीपासून वाचला तो या दृष्टीमुळे.

१८९२ मध्ये गेडिसांनी किल्ल्यासमोरचा एक मनोरा घेतला. त्याच्या माथ्यावर भिंगे आणि आरसा यांनी शहराचे जिवंत चित्र पांढऱ्या मेजावर उमटवणारी अंधारी खोली आधीपासूनच होती. गेडिसांनी तिच्या खाली मजल्यामजल्यांवर प्रदर्शन मांडले. पाहुण्याने आधी थेट माथ्यावर जाऊन आपले शहर डोळ्यांनी पाहायचे. मग उतरत यायचे : एका मजल्यावर एडिंबरा, त्याखाली स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप, आणि तळमजल्यावर सारे जग. जगाचे ज्ञान हवे तर आपल्या गल्लीपासून आरंभ करा, असा तो पाठ होता. मनोरा आजही प्रवाशांनी गजबजलेला असतो, मात्र आता तेथे दृष्टिभ्रमांचे खेळ आणि आरशांचे चक्रव्यूह आहेत. माथ्यावरची अंधारी खोली मात्र पाहावीच. मेजावर धरलेल्या कागदावर चालती माणसे उचलून घेता येतात, याचे लहान मुलांइतकेच म्हाताऱ्यांनाही नवल वाटते.

पुतळे आणि त्यांचे धनी

नव्या नगरातील स्थळांविषयी थोडक्यात सांगतो. प्रिन्सेस स्ट्रीटवरील स्कॉटचे स्मारक दोनशे फूट उंच आहे. एखाद्या साहित्यिकासाठी एवढा मनोरा क्वचितच कोठे असेल. त्याचा आराखडा जॉर्ज मिकल केम्प या स्वतःच्या बळावर शिकलेल्या सुताराने केला, आणि १८४६ मध्ये त्याचे उद्घाटन होण्याच्या दोन वर्षे आधी तो कालव्यात बुडून मरण पावला. काल्टन टेकडीवर अथेन्सच्या पार्थेनॉनसारखे राष्ट्रीय स्मारक बांधायला १८२६ मध्ये घेतले; तीन वर्षांत पैसा संपला आणि बारा खांब तेवढे उभे राहिले. ते अर्धवट स्मारकच आता शहराची खूण होऊन बसले आहे.

सेंट अँड्र्यू चौकातील उंच स्तंभावर हेन्री डंडास उभा आहे. १७९३ पासून १८०१ पर्यंत तो हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष होता. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव १७९२ मध्ये संसदेपुढे आला, तेव्हा त्यात ‘हळूहळू’ हा शब्द घालणारा हाच. २०२१ मध्ये नगरपालिकेने स्तंभाच्या पायथ्याशी या गोष्टीचा उल्लेख करणारा फलक लावला. त्यातील मजकुरावरून विद्वानांत वाद झाले, आणि ते शमलेले नाहीत. मला त्या वादाचेच अप्रूप वाटले. पुतळा पाडला नाही आणि त्याच्यापुढे मानही झुकवली नाही. त्याच्या शेजारी एक प्रश्न उभा केला. काल्टनच्या जुन्या दफनभूमीत १८४४ चा आणखी एक स्तंभ आहे. सुधारणांची मागणी केली म्हणून १७९३-९४ मध्ये हद्दपारीची शिक्षा झालेल्या पाच जणांचा तो. त्या वेळी गृहखाते डंडासकडे होते. शिक्षा झालेल्यांना स्तंभ मिळायला पन्नास वर्षे लागली, पण मिळाला.

भाषेच्या शिक्षकाचे पाय मात्र कॅननगेटच्या दफनभूमीत अधिक रेंगाळतात. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ येथेच विसावला आहे. त्याच आवारात रॉबर्ट फर्ग्युसन या कवीची समाधी आहे. सभ्य समाज इंग्रजीकडे वळत असताना हा तरुण स्कॉट्स बोलीत एडिंबराच्या गल्ल्यांवर कविता लिहीत होता. १७७४ मध्ये, चोविसाव्या वर्षी, वेड्यांच्या इस्पितळात तो वारला आणि विना दगडाचा पुरला गेला. बारा वर्षांनी रॉबर्ट बर्न्स शहरात आला, आपल्या या ज्येष्ठ बंधूची जागा त्याने शोधली आणि स्वतः पदरमोड करून तेथे दगड बसवण्याची व्यवस्था केली. त्याच रस्त्याच्या टोकाला, हॉलीरूडच्या राजवाड्यासमोर, आज स्कॉटलंडची संसद आहे. १७०७ नंतर पुन्हा १९९९ मध्ये ती भरली आणि २००४ मध्ये या नव्या वास्तूत आली. २०२५ मध्ये तिने गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा केला. फर्ग्युसनच्या समाधीपासून संसदेचे दार चालत काही मिनिटांवर आहे. ते अंतर कापायला भाषेला अडीचशे वर्षे लागली. तोवर तिला सरकारने नव्हे, कवींनी, छापखान्यांनी आणि घरात बोलणाऱ्या माणसांनी तगवले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही.

गेडिसांचे इंदूर

गेडिस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले. नगरांविषयीचे त्यांचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. त्यांनी नवे साहित्य जमवून प्रदर्शन पुन्हा उभारले. १९१७ च्या वसंतात त्यांचा थोरला मुलगा फ्रान्समध्ये युद्धात पडला आणि त्याच वर्षी अ‍ॅना हिंदुस्थानातच आजारपणात वारली. दुःखाच्या या काळातच या माणसाने इंदूरच्या गल्ल्या पायी तुडवल्या.

त्या काळी प्लेग आला की सरकारी उपाय ठरलेला असे : वस्ती पाडा, रस्ता काढा. गेडिसांचे म्हणणे असे की, आधी पाहणी, मग निदान, मग उपचार. जेम्स कोर्टमध्ये जे केले तेच येथे सुचवले. गल्ल्या ठेवा, मधला एखादा पडका वाडा काढून चौक मोकळा करा, विहिरी आणि घाट स्वच्छ करा, नद्यांकडे पाठ फिरवू नका. दुसऱ्या भागात त्यांनी इंदुरात विद्यापीठ कसे असावे याचाही विचार मांडला. ते स्थापन व्हायला १९६४ साल उजाडले.

एका दिवाळीला त्यांनी नामी युक्ती केली. मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत स्वच्छ असतील त्या रस्त्याने जाईल, असे जाहीर केले. गावभर झाडलोट आणि रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत घाणीच्या राक्षसाची आणि प्लेगच्या उंदराची सोंगे होती, आणि एरवी ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई ते सफाई कामगार स्वच्छ वस्त्रांत मानाने चालत होते. शहराचे आरोग्य ज्यांच्या हातात आहे त्यांना शहराने मान द्यावा, ही गोष्ट त्यांनी भाषणाने नव्हे, वाजतगाजत सांगितली.

त्या अहवालाचे आपण काय केले? काही सूचना अमलात आल्या, पुष्कळ राहिल्या. कान्ह आणि सरस्वती या नद्यांची गत आपण जाणताच. १९८४ मध्ये राजवाडा जळला आणि पुढे तो सावरला गेला, हे या सभागृहातील ज्येष्ठांनी पाहिले आहे. पण राजवाडा सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. वाड्यावाड्यांतल्या मोडी कागदांची गाठोडी रद्दीत गेली, देवळांच्या पायऱ्यांवरचे शिलालेख फरशीखाली गेले, त्याची वार्ता कोठे छापून आली नाही. आपली मेरी किंग्ज क्लोज आपण रोज थोडीथोडी गाडत आहोत, आणि तिच्यावर दिवा लावणारा कोणी शंभर वर्षांनी येईलच, याची हमी नाही.

१८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तेविशीतल्या विद्यार्थ्याने ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर पुण्यात निबंध वाचला आणि आमचा इतिहास आमच्या कागदांवरून पुन्हा तपासा, असा आग्रह धरला. महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाच्या मोठ्या चळवळीला त्याने बळ दिले. कीर्तन्यांजवळ ना पद होते, ना पैसा. डॅनियल विल्सन, बर्न्स, गेडिस यांनीही कोणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. कोणी भिंत न्याहाळली, कोणी दगड बसवला, कोणी पडक्या चौकात राहायला गेला.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. नववीच्या मुलांना वर्षातून एकदा आपल्या गल्लीची वही करायला सांगावी. सर्वांत जुने घर कोणते, ते कोणी बांधले, विहीर कोठे होती, कोणत्या दगडावर काय लिहिले आहे, आजी कोणत्या नावाने ती गल्ली ओळखते, आणि जे सांगायला घरात कोणी तयार नाही असे काही तेथे घडले आहे काय. शेवटचा प्रश्न गाळू नये. या वह्या शाळेच्या ग्रंथालयात क्रमाने लावून ठेवाव्यात. पन्नास वर्षांनी या शहराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला त्यांच्याइतके मोलाचे साधन दुसरे मिळणार नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या कामाला साजेसे स्मारक याहून दुसरे मला सुचत नाही.